चान्सेस किती?

मामेभाऊ बारावीत आहे. परवा विचारत होता, "दादा, हार्वर्डचे माझे चान्सेस किती?" कटऑफ बघून आकडा सांगायची आपली सवय. तिथे कटऑफच नाही!

शंभर वर्षांपूर्वी गणित सोपं होतं. प्रवेशपरीक्षा पास झालात की बहुतेक आत. पण १९२२ पर्यंत ज्यू विद्यार्थी वीस टक्क्यांच्या वर गेले आणि अध्यक्ष लॉवेल अस्वस्थ झाले. त्यांनी चक्क कोटा मागितला. १९२३ मध्ये प्राध्यापकांच्या समितीने तो फेटाळला. मग १९२६ मध्ये मागचं दार उघडलं: मार्कांसोबत 'चारित्र्य' बघायचं, अर्जाला फोटो लावायचा. ज्यूंचं प्रमाण घसरलं. म्हणजे हा धूसरपणा मुद्दाम आणलेला. आणि २०१८ च्या खटल्यात काय निघालं? आशियाई अर्जदारांना 'पर्सनल रेटिंग' सरासरीने कमी!

हे सगळं ऐकून भाऊ म्हणाला, "बरं, पण टक्के किती धरू?"