लहान गाठीला मोठी मात्रा

डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 साली मिरजेला रुग्णालय उभारले. पुढच्याच वर्षी जर्मनीत राँटजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. शल्यवैद्याची सुरी आणि भौतिकीतले किरण पुढे एकत्र आले. त्या किरणांची मात्रा कशी ठरली, ते आपण पाहू.

1941 साली परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि सातारा-सांगलीकडच्या कर्करुग्णांना मुंबईची वाट मिळाली. फुप्फुसाचा किंवा स्तनाचा कर्करोग रक्तावाटे मेंदूत पोचला, की तेथे दुय्यम गाठी होतात. अशा वेळी सबंध मेंदूवर किरण सोडणे हाच अनेक वर्षे मुख्य उपाय होता. नेहमीची मात्रा 30 ग्रे, रोज 3 याप्रमाणे 10 बैठकांत. ग्रे म्हणजे एक किलोग्रॅम ऊतीने शोषलेली एक जूल ऊर्जा. 24 ग्रेइतक्या ऊर्जेने पाणी अंशाच्या शंभराव्या भागाइतकेही तापत नाही! किरण पेशी भाजत नाहीत. त्या पेशींतला डीएनए तोडतात. हप्त्याहप्त्याने मात्रा दिली, तर निरोगी पेशींना मधल्या वेळात दुरुस्ती करता येते. तरीही सबंध मेंदूवरच्या किरणांनी पुढे स्मरणशक्ती मंदावू शकते.

स्वीडनचे शल्यवैद्य लार्स लेक्सेल यांनी 1951 साली वेगळी कल्पना मांडली. अनेक बारीक किरणशलाका वेगवेगळ्या दिशांनी सोडायच्या आणि एकाच बिंदूवर मिळवायच्या. प्रत्येक शलाका वाटेत थोडीच इजा करते. बिंदूवर मात्र सगळ्यांची बेरीज होते. कोबाल्ट वापरणारे त्यांचे पहिले 'गॅमा नाईफ' 1968 च्या सुमारास स्टॉकहोममध्ये उभे राहिले. त्यात 179 शलाका होत्या.

आता हप्ते गेले, सारी मात्रा एकाच बैठकीत आली. मग ती किती द्यावी? अमेरिकेत 1990 मध्ये एक चाचणी सुरू झाली. पूर्वी किरणोपचार होऊनही ज्यांची गाठ पुन्हा वाढली होती, असे 156 रुग्ण तिच्या अंतिम हिशेबात आहेत. लहान, मध्यम व मोठ्या गाठींना 18, 15 आणि 12 ग्रेपासून आरंभ करून, इजा पाहत 3-3 ग्रेने मात्रा वाढवली. 2000 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: 2 सेंटीमीटरपर्यंतच्या गाठीला 24, 2 ते 3 पर्यंत 18 आणि 3 ते 4 पर्यंत 15 ग्रे.

मोठ्या गाठीला कमी मात्रा, हे उलटे वाटते. वर्गात शाडूचे दोन गोळे करा, एक 2 आणि दुसरा 4 सेंटीमीटर व्यासाचा. दुसऱ्याला आठपट शाडू लागेल. किरणांची मात्रा गाठीच्या कडेला एकदम संपत नाही. भोवतालच्या निरोगी मेंदूत ती उतरत जाते. लहान गोळ्याभोवती 2 मिलिमीटर जाडीचे कवच धरले, तर ते सुमारे 3 घनसेंटीमीटर भरते. मोठ्याभोवती सुमारे 11. म्हणजे गाठ मोठी, तसा भाजेत येणारा निरोगी मेंदूही अधिक. म्हणूनच मोठ्या गाठींसाठी आता पुष्कळदा 3 किंवा 5 बैठका घेतात.

या तीन आकड्यांपैकी 18 आणि 15 येथे इजेने हात रोखला. 24 ला मात्र तशी मर्यादा आढळलीच नव्हती. त्यापुढे जायला वैद्यच राजी नव्हते. मर्यादा शोधायची, म्हणजे कोणा रुग्णाला ती ओलांडताना इजा होणार. त्या 156 जणांचे आयुष्य थोडेच उरले होते, आणि ही जोखीम त्यांनी उचलली.

1997 साली मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात गॅमा नाईफ आले. साताऱ्याच्या रुग्णाला आज 18 ग्रे लिहून देताना डॉक्टर त्याच जुन्या तक्त्याचा आधार घेतात. पुस्तकातला असा एखादा आकडा शिकवताना मुलांना विचारावे: हा कोणी मोजला, कशावर मोजला आणि मोजणे कोठे थांबले?