जलक्रीडा-पादत्राणे

पोहणे, कयाकिंग, राफ्टिंग, नौकानयन, स्कूबा डायव्हिंग अशा खेळांत पायाचा तळवा, बोटे आणि घोटा यांना इजा होऊ नये म्हणून घालायची पादत्राणे. बाजारात ती ‘वॉटर शूज’, ‘बीच शूज’, ‘अ‍ॅक्वा शूज’ अशा नावांनी मिळतात. दुकानात ती खेळाच्या नावाने मांडलेली असतात, निवड मात्र तळावरून करावी लागते. पाय जिथे टेकणार तिथे गाळ आहे, दगड आहे, वाळू आहे की होडीची ओली फळी, यावर सगळे अवलंबून असते.

माकणीचे उदाहरण घेऊ. धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील या गावाजवळ तेरणा नदीवर निम्न तेरणा प्रकल्पाचे धरण आहे. तेरणा ही मांजरेची उपनदी. मराठवाड्याला समुद्र नाही. इथली पोरे पोहायला शिकतात ती विहिरीत, नाहीतर अशा जलाशयाच्या कडेला. आणि जलाशयाची कड वर्षभर एका जागी राहत नाही. पावसाळ्यात चढलेले पाणी उन्हाळ्याकडे मागे सरते आणि काळ्या मातीचा गाळ उघडा पडतो. वरून तो वाळून भेगाळलेला, चालण्याजोगा दिसतो. पाय टाकला की पापुद्रा फुटतो आणि पाय पोटरीपर्यंत आत जातो. ओढून काढू म्हटले तर पावलाखाली हवा शिरायला वाट नसते, त्यामुळे गाळ पाय धरून ठेवतो. स्लीपर असेल तर तिचा अंगठा तुटतो किंवा ती आतच राहते; ती काढायला माणूस वाकतो तेवढ्यात दुसराही पाय रुततो. अशा वेळी झटका न देता टाच हलवून थोडी जागा करावी, पाऊल तिरके करावे आणि सावकाश वर घ्यावे.

या गाळासाठी घोट्याच्या वर येणारा, पायाला मोज्यासारखा बसणारा बूट हवा. वेल्क्रोचा पट्टा इथे कामाचा नाही: त्याच्या बारीक आकड्यांत काळी माती भरली की पट्टा धरत नाही. चेन किंवा नाडी बरी. नाडीची टोके आत खोचावीत. तळ पातळ नसावा. बुडीत जमिनीत पूर्वीचे बांध, बाभळीची खोडे, विहिरींचे कठडे तसेच राहतात. त्यात वेड्या बाभळीचे काटे, शिंपल्यांच्या कडा, फुटक्या बाटल्या, तुटलेले गळ आणि नायलॉन जाळ्यांचे तुकडे यांची भर पडते. तळाला रबर नसलेले निओप्रिनचे मोजे बाभळीचा काटा अडवू शकत नाहीत. बूट विकत घेताना अंगठ्याने तळ आतून दाबून पाहावा. बाहेर बोट लावले तर दाब सहज जाणवतो असा तळ काटेरी काठाला चालत नाही. पाण्याखाली गेलेल्या विहिरीपुढे मात्र कोणताच बूट उपयोगाचा नाही. तिथे गावातल्या जाणत्याला विचारूनच उतरावे.

धरणाच्या भिंतीला पाण्याच्या बाजूने दगडी पिचिंग असते. पाणी जिथे वर-खाली होते तिथल्या दगडांवर शेवाळ धरते, आणि शेवाळावर उत्तम रबरसुद्धा घसरते. खोल खाचांचा ट्रेकिंगचा तळ इथे विशेष मदत करत नाही, कारण बुळबुळीत थरात रुतायला त्याला काही सापडत नाही. जपानमध्ये ओढ्यातून डोंगर चढणारे लोक पूर्वी गवताच्या वहाणा घालत. पुढे त्यांनी जाड नमद्याचा तळ स्वीकारला. नमद्याचे तंतू शेवाळाखालच्या दगडापर्यंत पोचतात आणि पकड मिळते. पण तो लवकर वाळत नाही आणि एका पाण्यातले सूक्ष्म शैवाल दुसऱ्या पाण्यात नेतो. याच कारणासाठी न्यूझीलंडने २००८ मध्ये मासेमारीत नमद्याच्या तळांवर बंदी घातली. जलपर्णीने आपल्या नद्यांचे काय केले ते डोळ्यांसमोर आहे. म्हणून कोणताही बूट दुसऱ्या पाण्यात नेण्याआधी धुऊन पुरता वाळवावा.

वाहत्या पाण्यात धोक्याची जात बदलते. रायगड जिल्ह्यात कोलाडजवळ कुंडलिका नदीवर वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या पाण्यात राफ्टिंग चालते. तिथे तराफ्यातून पडलेला माणूस सहजच उभा राहू पाहतो, आणि तीच चूक जिवावर बेतते. पाऊल दोन खडकांच्या फटीत अडकते, मागचा प्रवाह माणसाला पुढे पाडतो आणि पाणी कमरेइतकेच असूनही डोके वर काढता येत नाही. वेगाचे पाणी गुडघ्याच्या वर असेल तर उभे राहू नये. पाठीवर तरंगत पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे आणि वर ठेवावेत. बुटाची लोंबणारी नाडी, सैल बक्कल, बाहेर आलेली पट्टी फटीत अडकते, म्हणून राफ्टिंगला आटोपशीर, बोटे झाकणारा आणि टाचेला घट्ट बसणारा बूट घालतात. पट्ट्यांचे नदी-सँडल १९८४ मध्ये अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनच्या एका वाटाड्याने तयार केले; त्यातली खरी युक्ती टाचेमागच्या पट्ट्यात होती. सँडल पायातून निसटणार नाही, हे त्या पट्ट्याने साधले.

पायातून निसटणारी चप्पल ही या विषयातली सगळ्यात दुर्लक्षिलेली बाब आहे. रबराची किंवा फोमची चप्पल तरंगते. ती वाहून जाऊ लागली की मूल तिच्या मागे जाते. घरी बोलणी बसतील या भीतीने आणखी पुढे जाते. काठावर आलेल्या प्रत्येक मुलाला आईवडिलांनी आधीच सांगून ठेवावे, की चप्पल गेली तर जाऊ दे.

कोकण किनाऱ्यावर तळ पुन्हा वेगळा. मालवण-तारकर्लीकडे खडकांना चिकटलेली कालवे पात्यासारखी कापतात. वाळूत पाकट दडलेला असतो. त्याचा शेपटीवरचा काटा निओप्रिनमधून आरपार जाऊ शकतो, त्यामुळे तिथे पाय उचलून टाकण्यापेक्षा वाळूतून घासत चालणे जास्त कामाचे. स्कूबात टाच उघडी असलेले पायाचे पंख (फिन) निओप्रिनच्या बुटावर चढवतात, टाच झाकणारे पंख अनवाणी पायावर. बूट आणि पंख एकत्र घालूनच माप पाहावे.

होडीच्या ओल्या फळीसाठी अमेरिकेत पॉल स्पेरी यांनी १९३५ मध्ये रबराच्या तळाला बारीक नागमोडी चिरा पाडल्या. बर्फावर न घसरणाऱ्या आपल्या कुत्र्याचे पंजे पाहून त्यांना ते सुचले. शर्यतीच्या नौकानयनात बूट होडीतच पक्के बसवलेले असतात आणि त्यांच्या टाचा छोट्या दोरीने बांधलेल्या असतात. होडी उलटली तर टाच थोडी उचलून दोरी ताणते, बूट जागीच राहतो आणि हात न लावता पाय सुटतो. नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोही या दुष्काळी गावचे दत्तू भोकनळ अशाच बुटांत पाय घालून २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कल्सला तेरावे आले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघातून त्यांनी सुवर्ण मिळवले. पाण्यासाठी तरसणाऱ्या गावाचा मुलगा पाण्यावर जिंकतो, ही गोष्ट मराठवाड्यातल्या मुलांना आवर्जून सांगावी.

निओप्रिन हे कृत्रिम रबर अमेरिकेत १९३० मध्ये तयार झाले. त्याच्या बंद बुडबुड्यांमुळे पाय गरम राहतो. थंड समुद्राला पाच-सात मिलिमीटर जाडी लागते. आपल्याकडच्या कोमट पाण्यात दोन-तीन पुरते, जास्त जाडीने पाय उबतो. ओले झाल्यावर ते सैलावते, म्हणून कोरडे असताना जरा घट्टच घ्यावे. दिवसभर चालून पाय थोडे फुगतात, तेव्हा संध्याकाळी माप द्यावे. शक्य असल्यास घरी बूट घालून बादलीत पाय बुडवावा आणि चार पावले चालून पाणी निथळते का ते पाहावे. गमबूट पोहण्याला नकोच. पाण्याने भरलेला गमबूट माणसाला खाली ओढत नाही, पण पाय मारू देत नाही आणि काठावर चढताना दगडासारखा जड होतो. महागडे काही घेणे झाले नाही तर शाळेचे जुने कापडी बूट किंवा बक्कल असलेले पावसाळी प्लॅस्टिकचे सँडल कितीतरी चांगले. चामड्याची कोल्हापुरी मात्र भिजली की वाया जाते.

आपल्याकडे नदीला आई मानतात आणि स्नानाला उतरताना वहाणा घाटावर काढतात. ती रीत स्नानाची आणि पूजेची. खेळायला उतरणाऱ्याने तळ दिसत नसेल तर पाय झाकावेत. मधुमेह असलेल्यांनी तर अनवाणी उतरूच नये, कारण पायाची संवेदना कमी झालेली असली तर कापलेलेही कळत नाही. साचलेल्या पाण्यात उघड्या जखमेतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शिरतात. कापले तर स्वच्छ पाण्याने व साबणाने जखम धुवावी आणि डॉक्टरांना दाखवून धनुर्वाताच्या लशीचे विचारावे. ओल्या बुटात तासन्‌तास राहिल्यास बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. बूट काढल्यावर त्या जागा कोरड्या कराव्यात.

वापरानंतर बूट गोड्या पाण्याने धुऊन, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवावा. कडक उन्हात निओप्रिन कडक होऊन तडकते. तळ आधी सुटतो तो बोटांकडून. पाण्यात उतरण्यापूर्वी तिथला जोड नखाने उचलून पाहावा.