शरणपूरचे आफ्रिकी कारागीर

विरारच्या शेजारचें सोपारें प्राचीन ग्रीक ‘पेरिप्लस’ ग्रंथांत ‘सुप्पारा’ या नांवानें आलें आहे. तेव्हां या किनाऱ्याचा आफ्रिकेशीं व युरोपशीं संबंध आजकालचा नव्हे. मात्र समुद्रावरून केवळ माल येत नसे, माणसेंही येत, आणि तीं पुष्कळदां विकत घेतलेलीं असत. एकोणिसाव्या शतकांत इंग्रजी आरमारानें गुलामांच्या गलबतांतून सोडविलेलीं आफ्रिकी मुलें मुंबईस उतरविलीं जाऊं लागलीं. स्वातंत्र्य मिळालें खरें, पण पोटाचें काय?

याचें एक उत्तर नाशिकास मिळालें. चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपूर वस्तींत इ. स. १८६० च्या सुमारास या मुलांसाठीं आश्रम निघाला. रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस हे त्याचे चालक. तेथें अक्षरओळखीबरोबर सुतारी, लोहारी असे धंदे शिकवीत. हातीं हुन्नर असल्यास मनुष्यास कोणाच्या दारीं उभें राहावें लागत नाहीं, ही दृष्टि रास्तच होती. तिच्या जोडीला धर्मप्रसाराचा हेतु होता, आणि त्या बाबतींत मुलांस कोणी विचारलें असेल असें वाटत नाहीं.

या शिक्षणाची कसोटी लागली ती आफ्रिकेंत. डॉ. लिव्हिंग्स्टन यांनीं १८६६ च्या मोहिमेंत येथील नऊ तरुण नेले. त्यांजविषयीं डॉक्टरांचें मत फारसें चांगलें झालें नाहीं. परंतु १८७३ च्या मे महिन्यांत चितांबोच्या गांवीं डॉक्टर वारले, तेव्हां मागाहून जाऊन मिळालेले शरणपूरचे जेकब वेनराइट तेथें होते. अंत्यप्रार्थना त्यांनींच वाचली. झाडाच्या खोडावर स्मृतिलेख कोरला तोही त्यांनींच. चुमा व सुसी यांच्या पुढारीपणाखालीं शव समुद्रकांठीं आलें, आणि १८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेंत शवपेटीच्या मानकऱ्यांत जेकबही होते.

मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या शिष्टाईनंतर १८७३ मध्यें झांजिबारचा गुलामबाजार बंद झाला. सुटलेल्यांसाठीं १८७५ मध्यें मोंबासानजीक फ्रियर टाउन वसलें. प्राइस तेथें गेले, व नाशिकचे विद्यार्थीही. नव्या वसाहतीस शिकलेलीं, धंदा जाणणारीं माणसें हवीं होतीं. तीं महाराष्ट्रानें पुरविलीं. तिकडे त्यांस ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत.

त्यांतलेच विल्यम जोन्स रबई येथें काम करीत. पळून आलेल्या गुलामांस त्यांनीं तेथें थारा दिला, जमीन कसण्यास लावलें. १८८८ मध्यें मालकांनीं आपला ‘माल’ परत मागितला. अखेर ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीनें मोबदला भरला, आणि १ जानेवारी १८८९ रोजीं रबईच्या आश्रितांच्या हातीं मुक्ततेचे दाखले पडले.