गुडघेदुखी : रोजची गोळी आणि बिननावाची पुडी टाळा

रिठद (ता. रिसोड) : सोयाबीनची सोंगणी आटोपली की गावात गुडघे-कंबर धरून चालणारी म्हातारी माणसं वाढतात. जन्मभर वाकून निंदण केलं, ओझी उचलली, त्यात सांध्यातली गादी झिजते. झिजलेली गादी औषधाने परत येत नाही, पण दुखणं कमी करता येते.

खुर्चीवर बसून एक पाय सरळ उचला, पंजा आपल्याकडे ओढा, पाचपर्यंत मोजा, खाली ठेवा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडी बळकट झाली की गुडघ्यावरचा भार हलका होतो. फरक दीड-दोन महिन्यांनी कळतो, आठ दिवसांत सोडू नका. संडासात उकिडवं बसण्यापेक्षा खुर्ची ठेवावी, लाजायचं काय त्यात?

मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून मनानेच रोज घेणे मात्र वाईट. पोटात व्रण होतो, बीपी वाढते, किडनीवर ताण येतो. त्याहून वाईट बिननावाची पुडी. दोन दिवसांत माणूस पळायला लागला तर त्यात स्टेरॉईड असू शकते. त्याने शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात. पुडी बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंदही करू नका, ती घेऊनच डॉक्टरकडे जा. सांधा लाल होऊन ताप आला, किंवा पाय बधिर होऊन लघवीवर ताबा राहिला नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल, तर २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत काठी, कमरेचा पट्टा अशा साहित्यासाठी एकदाच ३ हजार रुपये खात्यात मिळतात. अर्ज सुरू आहेत का, ते वाशिमच्या समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्यावे.