दिवाळीच्या किल्ल्यावरचे जुने मावळे पुन्हा कसे रंगवायचे?

नाशिकजवळच्या रामशेजने १६८२ पासून काही वर्षं मुघलांना दाद दिली नाही. दिवाळीत तोच किल्ला अंगणात करायचा तर माळ्यावरच्या खोक्यातले रंग उडालेले मावळे हवेतच. फक्त ते पाण्याने धुऊ नका! कच्ची माती विरघळते, प्लास्टर पाणी शोषून भुसभुशीत होतं. कोरड्या ब्रशने धूळ झाडा. जुना ऑइलपेंट घासू नका, त्यात शिसं असू शकतं. तुटलेला हात फेव्हिकॉलने चिकटवा. भाल्याच्या जागी टूथपिक चालते. आधी पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकचा पातळ हात, तो वाळला की अंगाचा रंग, मग कपडे. थर जाड झाला की नाक-डोळे बुजतात, साच्यातला चेहरा कायमचा जातो. मिशी शेवटी, अगदी बारीक ब्रशने.