एक शिलिंग : ब्रिटनमधील मोफत औषध, वाया गेलेले औषध आणि स्व-उपचाराचा इतिहास

१/ ज्या मंत्र्याने ब्रिटनमध्ये औषध मोफत केले, त्यालाच पंधरा महिन्यांत देशाच्या औषध पिण्याच्या सवयीची धास्ती वाटू लागली. पुढे औषधावरील एका शिलिंगने सरकारांना अनेक वर्षे पेचात टाकले. औषधाची नासाडी कशी रोखावी, या आजच्याही प्रश्नाची ही पूर्वकथा. #इतिहास #धागा

२/ आरंभ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. डॉक्टरची फी परवडत नसे, म्हणून गरीब कुटुंबे थेट दुकानातून औषध आणत. स्व-उपचार तेव्हा नाइलाज होता. ‘गुप्त’ कृतीच्या गोळ्या आणि मलमे यांच्या जाहिरातींनी वर्तमानपत्रे भरलेली असत.

३/ १९०९ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने अशा औषधांचे रासायनिक पृथक्करण करून ते ‘सीक्रेट रेमेडीज’ या पुस्तकात छापले. प्रसिद्ध बीचम गोळ्यांत निघाले कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण. ५६ गोळ्यांच्या डबीतील द्रव्यांची किंमत पेनीच्या आठव्या भागाइतकी. विक्री साडेतेरा पेन्सला. म्हणजे शंभरपटींहून अधिक!

४/ १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने कामगाराला डॉक्टर मिळाला. मात्र त्याच्या बायकामुलांना नाही. या काळात दवाखान्यातून बाटली घेऊन परतणे हाच उपचार, अशी समजूत रुजली. बाटलीत पुष्कळदा रंगीत, कडू मिश्रणापलीकडे फारसे काही नसे. पण रिकाम्या हाताने परतणारा रुग्ण स्वतःला फसवला गेलेला समजे.

५/ वेल्समधील ट्रेडेगर या खाणींच्या गावी १८९७ मध्ये जन्मलेला अन्यूरिन बेव्हन हा सारा अनुभव घेऊन वाढला. तो स्वतः खाणकामगार होता. वडील खाणीतल्या धुळीने जडलेल्या फुप्फुसाच्या विकाराने गेले. गावातील कामगार वर्गणी काढून आपले डॉक्टर नेमत. तीच कल्पना देशव्यापी करण्याची संधी त्याला आरोग्यमंत्री म्हणून लाभली.

६/ ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजेच एनएचएस, सुरू झाली. डॉक्टर, रुग्णालय, चष्मा, कवळी आणि औषध, सारे मोफत. त्याआधी महिन्याला सुमारे ७० लाख औषधचिठ्ठ्या लिहिल्या जात. सप्टेंबरमध्ये ती संख्या १ कोटी ३५ लाखांवर गेली.

७/ ही वाढ म्हणजे निव्वळ उधळपट्टी नव्हती. वर्षानुवर्षे दुखणी अंगावर काढणाऱ्या स्त्रिया प्रथमच डॉक्टरकडे आल्या होत्या. पण सर्दी-पडशासाठी बाटली मागणारेही त्याच रांगेत होते. मोजणाऱ्याला दोन्ही चिठ्ठ्या सारख्याच दिसत. पुढच्या सगळ्या घोटाळ्याचे मूळ येथे आहे.

८/ ऑक्टोबर १९४९ मध्ये बेव्हन आपल्याच पक्षाच्या खासदारांसमोर वैतागून बोलला. देशाच्या घशात औषधांचा अखंड धबधबा कोसळतो आहे; लोक ज्या श्रद्धेने ते गिळतात तेवढा गुण त्यात असता तर बरे झाले असते, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी चिठ्ठीमागे एक शिलिंग आकारण्याचा अधिकार सरकारने कायद्याने मिळवला.

९/ तो अधिकार तेव्हा वापरला गेला नाही. परंतु १९५१ च्या एप्रिलमध्ये, कोरियन युद्धकाळातील शस्त्रखर्च भागवताना, अर्थमंत्री गेटस्केल यांनी चष्मे आणि कवळ्यांवर आकार बसवला. बेव्हनने मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. त्याच्यासोबत बाहेर पडणाऱ्यांत एक तरुण मंत्री होता : हॅरोल्ड विल्सन. हे नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे.

१०/ १ जून १९५२ रोजी चर्चिल सरकारने चिठ्ठीमागे एक शिलिंग घेण्यास प्रारंभ केला. एका चिठ्ठीवर कितीही औषधे लिहिली तरी आकार तेवढाच. डिसेंबर १९५६ पासून प्रत्येक औषधाला वेगळा शिलिंग पडू लागला. मग डॉक्टर कनवाळूपणे एकाच वेळी अधिक मात्रा लिहून देऊ लागले, आणि उरलेले औषध घरच्या कपाटात साठू लागले. नासाडी रोखण्यासाठी योजलेला उपाय असा तिलाच हातभार लावू लागला.

११/ विल्सन पंतप्रधान झाला आणि १ फेब्रुवारी १९६५ रोजी हा आकार रद्द झाला. चिठ्ठ्या पुन्हा वाढल्या. १९६७ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले, तिजोरी आटली, आणि जून १९६८ मध्ये त्याच विल्सनच्या सरकारने अडीच शिलिंगांचा आकार पुन्हा लावला. ज्या तत्त्वासाठी मंत्रिपद सोडले, ते सतरा वर्षांनी त्याला स्वतःलाच मुरडावे लागले.

१२/ या वेळी मुले, वृद्ध, गर्भवती आणि काही दीर्घकालीन विकारांचे रुग्ण यांना सवलत मिळाली. विकारांची ती यादी आजही जवळपास तशीच आहे. २००९ मध्ये तिच्यात कर्करोगाची भर पडली. दमा मात्र अद्याप नाही. म्हणजे रोज इन्हेलर लागणारा तरुण पैसे भरतो, आणि साध्या डोकेदुखीची गोळी एखाद्याला चिठ्ठीवर फुकट मिळू शकते.

१३/ पुढे एकाच देशात दोन वाटा झाल्या. वेल्सने २००७ मध्ये, उत्तर आयर्लंडने २०१० मध्ये आणि स्कॉटलंडने २०११ मध्ये हा आकार संपवला. इंग्लंडमध्ये तो कायम आहे. पण तेथेही सुमारे ९० टक्के औषधे सवलतींमुळे विनामूल्यच दिली जातात.

१४/ मग नासाडी किती? २०१० मध्ये यॉर्क आणि लंडन येथील संशोधकांनी इंग्लंडसाठी अंदाज मांडला : वर्षाला सुमारे ३० कोटी पौंडांची औषधे वाया. दुकानात परत आलेली औषधे दुसऱ्या रुग्णाला देता येत नाहीत. ती नष्टच करावी लागतात. तरी यातील निम्म्याहून कमी नासाडी परवडेल अशा खर्चात टाळता येईल, असेही त्यांनी नोंदवले. रुग्ण बरा होतो, दगावतो, उपचार बदलतो. अशा उरलेल्या गोळ्यांचा दोष कोणाला द्यावा?

१५/ मार्च २०१८ मध्ये एनएचएस इंग्लंडने निराळी दिशा धरली. कोंडा, घसादुखी, सौम्य डोकेदुखी, छातीतील जळजळ अशा ३५ किरकोळ तक्रारींसाठी नेहमीप्रमाणे चिठ्ठी लिहू नये, रुग्णाने दुकानातून औषध घ्यावे, असा सल्ला डॉक्टरांना दिला. दुकानात सहज मिळणाऱ्या औषधांच्या चिठ्ठ्यांवर वर्षाला सुमारे ५७ कोटी पौंड खर्च होत होते.

१६/ येथे जुनी भीती परत आली. केवळ आकारातून सवलत आहे म्हणून या नियमातून सूट मिळणार नव्हती. ज्याच्या खिशात दुकानात द्यायलाच पैसे नाहीत, त्याने काय करावे? स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्यांना अपवाद ठेवला गेला. तरीही १९०९ च्या गरिबाचा नाइलाज नव्या नावाने परत येऊ नये, ही चिंता अवाजवी नव्हती.

१७/ मात्र दोन काळांत एक मोठा फरक आहे. १९०९ मध्ये काउंटरवर साबणाची गोळी होती. १९६८ च्या औषध कायद्याने चिठ्ठीवरची, फार्मासिस्टच्या देखरेखीतली आणि खुली अशा तीन वर्गांत औषधे विभागली. १९८३ मध्ये आयबुप्रोफेन चिठ्ठीविना मिळू लागले. काउंटरवर आता प्रशिक्षित माणूस उभा होता.

१८/ स्व-उपचार म्हणजे मनाला येईल ती गोळी घेणे नव्हे. साधी घसादुखी आठवडाभरात आणि खोकला तीनेक आठवड्यांत बहुधा आपोआप ओसरतो, हे ठाऊक असणे. आणि धाप, रक्त किंवा न उतरणारा ताप दिसताच डॉक्टर गाठणे, हा त्याचा अर्थ. अँटिबायोटिकचा अपुरा वापर जंतूंनाच बळ देतो, हा इशारा फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच दिला होता.

१९/ ३१ जानेवारी २०२४ पासून इंग्लंडमध्ये कानदुखी, घसादुखी, नागीण अशा ७ तक्रारींवर फार्मासिस्ट स्वतः तपासून, गरज असल्यास चिठ्ठीची औषधेही देऊ लागले. बेव्हनला खंत होती ती औषध आणि गरज यांच्या तुटलेल्या नात्याची. गरजू कोण आणि बाटलीचा भुकेला कोण, हे शिलिंगला कधीच ओळखता आले नाही. ते ओळखायला रुग्णाशी दोन मिनिटे बोलणारे जाणकार माणूस लागते. (समाप्त)