आणिक आगारातील तिकिटे : मुंबईच्या प्रवासाचा एक दुर्लक्षित पुरावा

मुंबईच्या बेस्ट उपक्रमाचे छोटेखानी संग्रहालय आणिक आगारात आहे. १९८४ साली ते कुर्ला आगारात सुरू झाले आणि १९९३ मध्ये येथे आले. पाहणाऱ्याची नजर प्रथम जाते ती ट्राम आणि बसगाड्यांच्या लहान प्रतिकृतींकडे, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने अधिक वेळ द्यावा तो जुन्या तिकिटांना. गाडी कशी दिसत होती हे प्रतिकृती सांगते. तिच्यात बसणे कोणाला परवडत होते, हे भाड्याचा आकडा सांगतो.

९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाबा ते पायधुनी आणि बोरीबंदर ते पायधुनी असे दोन मार्ग होते. एक किंवा दोन घोडे गाडी ओढत. पुढे कंपनीच्या तबेल्यात ९०० घोडे होते. कुलाबा ते पायधुनी भाडे तीन आणे. तिकीट मात्र नव्हतेच! गर्दी वाढली, भाडे दोन आण्यांवर आले आणि त्याच वर्षी फुकट प्रवासाला आळा घालण्यासाठी तिकिटे द्यावी लागली. म्हणजे मुंबईचा फुकट्या प्रवासी हा मुंबईच्या तिकिटापेक्षा वयाने मोठा आहे.

७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली, १९२० मध्ये ती दुमजली झाली. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली. येथे भाड्याचे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. ससून डॉक ते दादर ट्रामने दीड आणा, बसने चार आणे. रोजच्या जाण्यायेण्यात पाच आण्यांचा फरक. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर सोळा आण्यांच्या रुपयाप्रमाणे हा फरक पावणेआठ रुपयांच्या वर जातो. बस हे कित्येक वर्षे सुखवस्तू मध्यमवर्गाचे वाहन समजले गेले, त्याचे कारण या साध्या गुणाकारात आहे. नवे वाहन आले म्हणजे ते लगेच सर्वांचे होते, हा समज इतिहासलेखनात फार सहज शिरतो.

७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, कंपनी महानगरपालिकेच्या ताब्यात आली. नावातील ‘ट्रामवेज’ गेले, ‘ट्रान्सपोर्ट’ आले. आद्याक्षर तेच राहिल्याने ‘बेस्ट’ कायम राहिले. ट्राम नावातून आधी गेली आणि रस्त्यावरून नंतर. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम निघाली, ती खच्चून भरलेली होती. पुढे फ्लोरा फाउंटनच्या परिसरात दुरुस्तीचे काम चालू असता जमिनीखाली ट्रामचे जुने रूळ सापडले. ते उखडण्याऐवजी अनेक ठिकाणी केवळ डांबराखाली गाडले गेले होते, हे त्यावरून कळते.

तिकिटाबरोबर वाहकाचा चिमटाही पाहण्यासारखा आहे. टप्प्याच्या आकड्यावर भोक पाडले की त्या कागदावर भाडे आणि प्रवास यांची एकत्र नोंद होई. तो चिमटा वाजवत वाहक गर्दीतून पुढे सरके. तो टिकटिक आवाज ऐकून प्रवाशांचे हात खिशाकडे जात. जाडसर कागद आणि एक भोक, इतकेच. पण हा पुरावा टिकतो.

१५ सप्टेंबर २०२३ रोजी डिझेलवरील दुमजली बस शेवटची धावली, तेव्हा काही गाड्या संग्रहालयासाठी राखाव्यात अशी मागणी प्रवाशांनी केली. तिकिटांसाठी अशी मागणी कोणी करत नाही. यंत्रातून निघणाऱ्या तिकिटाची छपाई उष्णतेने उमटते आणि काही काळाने उडून जाते; मोबाइलवरच्या तिकिटाचा कागदच नसतो. २०२० च्या दशकात मुंबईत बसने कोण, कोठून कोठे आणि किती पैशांत जात होते, याचा हातात धरता येईल असा पुरावा त्यामुळे फार थोडा उरेल. कोणाच्या घरी जुन्या पुस्तकात खूण म्हणून ठेवलेले, भोक पाडलेले तिकीट सापडल्यास त्यावर काही न लिहिता, सोबतच्या चिठ्ठीवर मार्ग आणि अंदाजे वर्ष नोंदवून ठेवावे.